दुसऱ्या बाजूचे अकरा सेकंद

अंबादास, तू माझ्यावर रागावून गेलास का, एवढंच मला विचारायचं होतं. बाकी कसं झालं, किती वाजता झालं, रिक्षात कुणी घातलं, हे सगळं मला तुझ्या पोरीनं सांगितलं, आणि तुला आयुष्यात दोनदा भेटलेल्या माणसांनीही तुझ्या दारात उभं राहून सांगितलं. मी मान हलवत राहिलो. चौकात तुझा फ्लेक्स लागला होता, त्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून टाकलेला. तू त्यात कुणाला तरी मारायला निघाल्यासारखा दिसतोस. त्या फोटोकडं बघतानाही माझ्या डोक्यात तेच होतं. शेवटच्या रविवारी मी तुझ्यावर ओरडलो, तू माझ्या घरातून उठून गेलास, आणि नंतर दहा आठवडे आपण एकमेकांशी बोललो नाही. मग एकदम तुझ्या सुनीताचा फोन आला.

आज रविवार आहे. तुझं दिवसकार्य परवा झालं. सकाळी दहाला मी सवयीनं प्लेअरवरचं फडकं काढलं, सुईवर फुंकर मारली, आणि मग पुढं काय करायचं ते सुचेना. घरात कुणी नाही. सरू पुण्याला नातवाकडं आहे. काल फोनवर म्हणाली, तुम्ही इकडं या चार दिवस, एकटे राहू नका. तिथं जाऊन मी काय करू? तिथं दिवसभर कार्टून चालू असतं, आणि मी काही बोलायला लागलो की सून प्रेमानं विचारते, "बाबा, चहा ठेवू का?" म्हणून हे लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस एवढं मला कळतं.

आपली ओळखही भांडणातनंच झाली. मी नवी पेठेतल्या दुकानात कापड फाडणारा सेल्समन, तू शर्टपीस घ्यायला आलेला यंत्रमागवाला. मी कापड मोजलं, कात्रीनं कडेला चीर दिली, आता दोन्ही हातांनी टर्रकन फाडणार, तेवढ्यात तू हात वर केलास. "जरा दम धरा की. गाणं संपू द्या, मग फाडा." शेजारच्या दुकानात रेडिओ चालू होता. भावावरून अडवणारं गिऱ्हाईक मी पाहिलं होतं, रंगावरून अडवणारं पाहिलं होतं, पण गाण्यासाठी अडवणारं पहिल्यांदाच पाहिलं. मी कापड तसंच धरून उभा राहिलो. मागं तीन बाया ताटकळल्या होत्या आणि शेठजी डोळे वटारत होते. गाणं संपल्यावर तू म्हणालास, "हां, फाडा आता." त्या दिवशी शेठजींची बोलणी मी खाल्ली आणि संध्याकाळी चहा तुझ्याकडून प्यायलो; कप रिकामा होईतो मी तुझा 'बसू' झालो होतो.

कॅसेटी आल्या तसं लोकांनी तबकड्या माळ्यावर टाकल्या, आणि माळे साफ करायची वेळ आली तेव्हा भंगारात. आपण त्या भंगारातून उचलायला लागलो. प्लेअर आधी तुझ्या घरी ठेवून बघितला होता, आठवतं ना? पण खाली तुमचे आठ माग. ते सुरू झाले की वरच्या खोलीत सुई बेडकासारखी उड्या मारायची. म्हणून प्लेअर माझ्याकडं आला, मागोमाग तबकड्या आल्या, आणि तू दर रविवारी दहाला यायला लागलास. पुढं लोक मला संग्राहक म्हणायला लागले. दोनदा शाळेत बोलावून नारळ दिला. त्यातल्या निम्म्या तबकड्या तू शोधलेल्या आहेत असं मी भाषणात सांगायचो, पण शेवटी सांगायचो, लोक उठायला लागल्यावर. आता लिहून टाकतो, निम्म्याहून जास्त तुझ्याच होत्या.

नियमही तूच घातलास. नवी तबकडी आली की रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, मग दोघांनी मिळून दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि ती काय आहे यावर दोघांचं एकमत झालं की मी कव्हरवर लिहायचं. मगच ती कपाटात जायची. एकमत होत नाही तोवर बाहेर. पुसायच्या फडक्यावरून तर आपलं कधीच एकमत झालं नाही. तू तुमच्या मागावरचा कडेला दोष निघालेला टॉवेल घेऊन यायचास. मी म्हणायचो, टॉवेलचे धागे खाचेत बसतात, मलमल पाहिजे. "सोलापुरात ऱ्हाऊन टावेलाला नावं ठिवतोस? लाज वाटू दे की जरा." शेवटी तू टॉवेलनं पाणी टिपायचास आणि मी तुझ्यामागून मलमल फिरवायचो.

गिटारचं वेड सांगोल्यात लागलं. तिथल्या एका स्पीकरवाल्यानं लग्नात वाजवायच्या तबकड्या विकायला काढल्यात असं तुला कुणीतरी सांगितलं. आपण एसटीनं गेलो, टँकरभोवतीच्या घागरींतून वाट काढत त्याच्या दारात पोहोचलो, आणि पोतंभर तबकड्या घेऊन आलो. त्यात एकीचं लेबल पार खरवडलेलं होतं. लावली, तर बाई गात होती. शब्द नव्हते. नुसता आलाप, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारा, मध्ये पायरी म्हणून नाही. मी सुई उचलली. तू म्हणालास, "बाई लई दुःखात हाय." माझंही तेच मत पडलं. एकमत झालं. मी कव्हरवर घोटीव अक्षरात लिहिलं, 'स्त्री-आवाज. नाव माहीत नाही. दुःखी.' ती दुःखी बाई आपल्या कपाटात आठ महिने राहिली. आल्यागेल्याला आपण ती ऐकवायचो आणि लोकही डोळे मिटून ऐकायचे. ही बाई श्वास कधी घेते, हे एकानंही विचारलं नाही.

पुन्हा सांगोल्याला गेलो तेव्हा तू मोठ्या अदबीनं त्या स्पीकरवाल्याला विचारलंस की त्या बाईंचं गाव कुठलं. तो आधी तुझ्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "बाई? कुटली बाई? आवो, गिटार हाय ती! मांडीवर आडवी ठिवत्यात अन् तारंवर लोखंडाचा गज फिरवत्यात. पंगतीला लावायचो आमी ती. पर नवरीची आय रडाय लागायची, म्हणून बंद केली." परतीच्या एसटीत मंगळवेढा येईपर्यंत आपण एकमेकांकडं बघितलं नाही. मग तू खिडकीकडं तोंड करून फिसकन हसलास, आणि स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कंडक्टरनं येऊन विचारलं की दोघांना काय झालंय.

पुढच्याच रविवारी तू फळी घेऊन आलास. दोन खिळे, त्यांच्यात ताणलेली तार, आणि हातात मागाच्या सामानातला लोखंडी गजाचा तुकडा. फळी मांडीवर घेऊन तू गज फिरवायला लागलास. जो आवाज निघाला त्यानं दारातलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं. सरू आतून म्हणाली, "भाऊजी, बरं वाटत नाही का?" पण मध्येच एकदा, चुकून, एक सूर दुसऱ्यात घसरत गेला, बरोबर गेला. तू हात तिथंच ठेवलास. "बघ, बसू, सूर तुटत न्हाय. आमच्या मागावर धागा तुटला की गाठ मारावी लागती, अन् गाठ दिसती. ह्यात गाठच न्हाय." संगीतावर तू एवढं लांब कधी बोलला नव्हतास. नंतरही बोलला नाहीस.

मग आपण गिटारच्याच मागं लागलो. सिनेमाच्या गाण्यांच्या गिटारवरच्या तबकड्या लोक सहज देऊन टाकायचे, त्यात शब्द नाहीत म्हणून. पुढं त्याच मांडीवरच्या गिटारवर वाजवलेले राग सापडले, तेव्हा दोन रविवार तू जेवायचं विसरलास आणि घरी जाऊन बोलणी खाल्लीस. एक तबकडी वाकडी निघाली. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवली की सरळ होते असं तुला कुणीतरी सांगितलं. सांगणारा पुण्याचा असणार. तू ती एप्रिलमध्ये, सोलापुरात, भर बारा वाजता पत्र्यावर ठेवलीस आणि मागावर निघून गेलास. वरची काच घसरली. संध्याकाळी जे हाती आलं त्याची छान पसरट वाटी झाली होती. वहिनींनी त्यात मिरच्या वाळत घातल्या. मी हळहळलो तर म्हणालास, "वाया कुटं गेली? कामाला आली की." त्या उन्हाळ्यातली चटणी मी तुझ्याच घरी खाल्ली आणि प्रत्येक घासाला ती तबकडी आठवली.

ज्या तबकडीवरून आपलं बिनसलं ती मात्र नऊ वर्षांपूर्वी आली. मंगळवेढ्याच्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी, ज्वारीच्या पोत्यांमागं. वादकाचं नाव नाही, रागाचं नाव नाही, पण पहिल्याच वेळी आपण दोघांनी ती लागोपाठ तीनदा ऐकली. दुसऱ्या बाजूला, शेवट जवळ आला की गिटार वर चढायला लागते. चढत चढत जाते आणि मग खाली येते. पण त्या चढणं आणि उतरणं यांच्या मधोमध काय आहे, यावर आपलं जमेना.

"तितं तो थांबतो," तू म्हणालास.

मी म्हणालो, थांबत नाही. बारीक होतो, पण वाजतो.

"थांबतो. नुसता तंबोरा ऱ्हातो मागं."

"वाजतो रे!"

तीन वर्षं आपण हेच केलं. मी घड्याळ लावून ती जागा मोजली, अकरा सेकंद भरली. तू लगेच म्हणालास, "बघ, अकरा सेकंद थांबतो." म्हणजे माझ्याच मापानं मला हरवायला निघालास. एकमत नाही म्हणून ती तबकडी कपाटाबाहेर, टेबलावर पडून राहिली. त्या अकरा सेकंदांत तू डोळे मिटायचास, उजव्या हाताचं बोट मांडीवर दाबून धरायचास, आणि सूर खाली आला की बोट सोडायचास. तुझा चेहरा तेव्हा देवळात बसल्यासारखा व्हायचा. "ह्योच खरा कलाकार," म्हणायचास. "बाकीचे वाजवाय मिळालं की वाजवतच बसत्यात. ह्येला गप बसाय येतं." मला वाटायचं, माझी टर उडवायला तू मुद्दाम हट्ट धरून बसतोस. तू तसा होतासच.

मग आमच्या दारावर चिमणीच्या आवाजाची बेल आली. सुनेनं हौसेनं बसवली. तू ती दाबायचास, आत वाजायची, आणि तरी तू दार बडवत राहायचास. मी म्हणायचो, अडाणी माणूस, बेल कशाला असते हेच कळत नाही. एका रविवारी तू दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होतास आणि मी आत भाकरीचं बघत होतो. बेल वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. मी पडद्यातून डोकावलो, तर तू पेपरचं पान उलटत होतास. "अंबादास, दार उघड की!" मी ओरडलो, तसा तू लगेच उठलास. माझा आवाज तुझ्यापर्यंत गेला होता, चिमणीचा गेला नव्हता.

त्या क्षणी मला सगळं कळलं. चाळीस वर्षं आठ मागांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस. त्या खटखटीनं तुझ्या कानांतले वरचे, बारीक सूर कधीच नेले होते, आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. त्या अकरा सेकंदांत तुला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. तू खोटं बोलत नव्हतास, हट्टही करत नव्हतास. तुझ्यापुरता तो वादक थांबत होता.

पुढच्या रविवारी तू पुन्हा विषय काढलास तेव्हा मी म्हणालो, "थांबत असेल बुवा." तू माझ्याकडं बघत राहिलास. माझ्याशी वाद घालून तू कधी जिंकला नव्हतास, कारण मी कापडवाला, बोलण्यावरच पोट भरणारा. तू उठलास आणि तासाभरानं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन परत आलास. मग माझ्या हातातलं पेन घेतलंस. आपल्या सगळ्या संग्रहात ते एकच कव्हर तुझ्या हातचं आहे. तेलुगू शाळेत शिकलेल्या माणसाचं गोल गोल मराठी अक्षर, 'दुसरी बाजू. शेवटाकडं थांबतो.' तू ती तबकडी स्वतः कपाटात ठेवलीस आणि भाकरी मोडायला बसलास.

मी हे दयेनं केलं असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? मला भीती वाटली. तुला कळलं असतं की ऐकू येत नाही, तर तू म्हणाला असतास, मग यायचं कशाला? आणि रविवारी मी काय केलं असतं? तू येत राहावास म्हणून मी तुझं चुकीचं ऐकणं तसंच राहू दिलं. याला दया म्हणत नाहीत.

शेवटच्या रविवारचं आता लिहायलाच हवं. मला मोबाइलवर तीच तबकडी सापडली होती. कुणीतरी साफसूफ करून चढवलेली, एक ओरखडा नाही. नाव तिथंही नव्हतं, पण आवाज काय लख्ख! मी इतका हरखलो की बाकी सगळं विसरलो. तू आलास, तुला बसूही दिलं नाही. स्पीकरला मोबाइल जोडला, ती जागा काढली. "ऐक, आता ऐक. आता तर एकदम स्पष्ट आहे."

तू डोळे मिटलेस. बोट मांडीवर दाबलंस. अकरा सेकंदांनी सोडलंस, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणालास, "थांबतो की. लिवलंय न्हवं कव्हरवर?"

त्या सकाळी सरूनं फोनवर सांगितलं होतं की ती अजून सहा महिने येत नाही. पण ती सबब झाली. मला त्या थापेचा राग आला. सहा वर्षं मी तुला जिंकू दिलं आणि तू वर मलाच थोपटतोस, असं काहीतरी वाटलं. "तो थांबत नाही! बहिरा झालायस तू, अंबादास. सहा वर्षं झाली, मला माहीत आहे!" मी ओरडून बोललो, त्यामुळं तुला एकूण एक शब्द ऐकू गेला.

बहिरा हा शब्द तू सोडूनच दिलास. नजर मोबाइलवरच होती. मग म्हणालास, "सा वर्सं?"

मी स्पीकरची वायर काढायला लागलो.

"सा वर्सं तुला म्हाईत हुतं?"

मी मान हलवली. तू उठलास, टॉवेल खांद्यावर टाकलास, चप्पल घालताना दाराच्या चौकटीला हात टेकलास, आणि जिना उतरून गेलास. मी जिन्यापर्यंतही आलो नाही.

पहिल्या रविवारी वाटलं, येईल. दुसऱ्या रविवारी म्हटलं, न येऊन जातो कुठं? तिसऱ्या रविवारी मी गॅलरीत बसून रिक्षा मोजल्या. तुझं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. त्यानं यावं, म्हटलं, तो माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचं हे डोकं! फोन करावा म्हटलं, तर त्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, अशी नवी सबब सापडली. मी रोज ठरवायचो आणि रोज मोडायचो. दहा आठवडे असेच गेले, आणि त्यांतल्या एकाही दिवशी मला दुसरं काही काम नव्हतं.

दिवसकार्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर सुनीतानं मला वर बोलावलं. माग बंद होते. तुझं घर इतकं शांत मी कधी बघितलं नव्हतं, घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिनं कपाटातून एक छोटी डबी काढून माझ्या हातात दिली.

"काका, हे नान्नाचं मशीन." ती तुला तेलुगूतनं नान्ना म्हणते, आणि तुझ्याविषयी बोलताना अजून 'आहेत' म्हणते.

"कसलं मशीन गं?"

"कानाचं. तुमच्याकडनं आले ना त्या रविवारी, त्याच्या मंगळवारी मला म्हणाले, कानाच्या डॉक्टरकडं ने. आम्ही किती वर्षं मागं लागलो होतो काका, दाद द्यायचे नाहीत. मला धड ऐकू येतंय म्हणायचे. ह्यावेळी आपणहून तयार झाले." मग तिनं सगळं सांगितलं. तपासणी झाली, कानाचं माप घेतलं, मशीन यायला वेळ लागला, आलं तर दुखत होतं म्हणून परत दिलं, मग आवाज कमी-जास्त करायला दोनदा जावं लागलं. शेवटी गुरुवारी तुझ्या हातात मिळालं.

"मग?"

"घरात लावलंच नाही की. मी म्हटलं, लावा ना, मला बघू द्या. तर म्हणाले, पैलं बसूकडं जाऊन त्ये ऐकणार. रविवारी जातो."

तू शनिवारी सकाळी गेलास.

मी तुझ्या खाटेवर बसलो आणि तिला विचारलं, "माझ्यावर रागावला होता का गं?"

"पहिले चार दिवस लई. जेवायचे पण नाहीत धड. मग एकदा मी चहा घेऊन आले तर एकटेच हसत बसलेले. म्हणाले, बसूसंगं जन्मात एकच वाद जिंकलो हुतो. त्योबी त्यानं मला सोडून दिल्ता."

"हसत म्हणाला?"

"हसतच. पण मग चहा तसाच ठेवला."

ती म्हणाली, मशीन तुम्ही ठेवा. तुझ्या कानाच्या मापाचं ते, मी काय करू त्याचं? डबी तिच्या हातात परत दिली आणि जिना उतरलो. रिक्षा न करता चालत घरी आलो, आणि वाटेत दोन ओळखीचे भेटले त्यांना ओळख दिली नाही.

तर, तू रागावून गेला नाहीस. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. तू येणार होतास, त्याचं मी काय करू? दहा आठवडे मी गॅलरीत बसून तुझ्यावर चिडत होतो, आणि तू त्याच दहा आठवड्यांत माझ्या घरी येऊन ऐकता यावं म्हणून कानात ती प्लॅस्टिकची गुठळी घालून घेत होतास. दुखत असताना. मी तुला कधी काही मोठं दिलं नाही, अंबादास. तू मला चाळीस वर्षांचे रविवार दिलेस.

मघाशी मी ती तबकडी काढली. आपली खरी, मंगळवेढ्याची, ओरखड्यांची. तिथं काय आहे ते तुला आज सांगतो. ओरडणार नाही.

गिटार वर चढते. गज तारेच्या अगदी टोकाशी जातो, जिथून पुढं जायला तारच उरत नाही. सूर केसाएवढा बारीक होतो. तिथं तो एकच सूर तीनदा घेतो. पहिल्यांदा जरा घाईनं. दुसऱ्यांदा बरोबर, इतका बरोबर की अंगावर काटा येतो. आणि तिसऱ्यांदा तो चुकतो, अंबादास. सूर कणभर खाली लागतो, गज तारेवर खरखरतो, आणि चुकल्याचं त्याला कळतं, कारण तो गडबडीनं खाली यायला लागतो. तिथून पुढचं तुला ऐकू यायचं. तो चुकतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी वाजतो वाजतो म्हणत राहिलो, चुकतो असं कधी म्हणालो नाही, कारण मग माझी बाजू पडली असती.

तू त्या रविवारी आला असतास. कानात मशीन नीट बसवून, डोळे मिटून, बोट मांडीवर धरून सगळे अकरा सेकंद ऐकले असतेस. मग डोळे उघडून म्हणाला असतास, "ह्यापरीस थांबला असता तर बरं झालं असतं की, बसू." आणि ह्या खेपेला मला खरंच हो म्हणावं लागलं असतं.